नागपूर ते आलापल्ली, एकटा, गाडी आणि तंबू: वाटेतल्या गावात मुक्काम कसा मागायचा, मदत कशी घ्यायची?

वर्धारोड_हॅचबॅक

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकट्याने निघायचे आहे. मार्ग असा: नागपूर – उमरेड – भिवापूर – नागभीड – ब्रह्मपुरी – आरमोरी – गडचिरोली – चामोर्शी – मार्कंडा – आष्टी – आलापल्ली. जमले तर पुढे भामरागड. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. सोबत दोन माणसांचा तंबू, छोटा गॅस, पाण्याची वीस लिटरची कॅन.

हॉटेलात न राहता शक्य तिथे गावातच थांबायचे आहे. झाडीपट्टीतले (पूर्व विदर्भातल्या या जंगल-धानाच्या पट्ट्यातले) लोक मायाळू आहेत, अडल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाहीत, हे सगळेच सांगतात. पण नेमके कोणाला विचारायचे, काय बोलायचे, कुठे तंबू लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, हे कोणी सांगत नाही. कोणी जेवायला बोलावले तर काय करायचे? गाडी फसली आणि लोक मदतीला आले तर त्यांचे देणे कसे फेडायचे? आणि समोरचा माणूस खरेच मदत करतो आहे की दुसरे काही, हे कसे ओळखायचे? या भागाची माहिती असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

झाडीपट्टी_मुक्काम

भाऊ, मार्ग चांगला आहे. पण पहिले एक मनातून काढून टाका. उमरेडच्या पुढे "जागा छान दिसली, लावला तंबू" असे चालत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य तुमच्या रस्त्याच्या जवळच आहे. नागभीड-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात वाघ फक्त अभयारण्यात राहत नाही. धानाच्या बांध्या, नाल्याचा काठ, बोडीची (शेततळ्याची) पाळ, गावाच्या शेवटच्या घरामागचे झुडूप, सगळीकडे त्याचा वावर आहे. आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा भागात २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप फिरतो. डिसेंबरात शेतात धानाचे पुंजणे (कापून रचलेले ढीग) उभे असतात आणि हत्ती नेमके त्यावरच येतात. शिवाय राखीव जंगलात विनापरवानगी शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. म्हणून तंबू लावायचा तो गावठाणात, घरांच्या मध्ये. शेतात नाही, तलावावर नाही, रस्त्याच्या कडेला नाही.

आता विचारायचे कोणाला. पहिले पोलीस पाटील. सरपंच मोठा वाटतो, पण अनोळखी माणूस गावात आला की त्याची खबर ठेवणे हे पोलीस पाटलाचेच काम आहे. त्याचे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातले आहे आणि त्याच्याजवळ ठाण्याचा नंबर असतो. त्याने एकदा "राहू द्या" म्हटले की रात्री कोणी बॅटरी मारून "कोण हाय?" विचारले तरी तुमच्याजवळ उत्तर असते. शाळेच्या आवारात थांबायचे असेल तर मुख्याध्यापकांनाही विचारा आणि सकाळी मुले यायच्या आत जागा मोकळी करा. गडचिरोली जिल्ह्यात आणखी एक लक्षात ठेवा: २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बऱ्याच गावांना भोवतालच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला. अशा गावात ग्रामसभेचा शब्द मोठा असतो. "ग्रामसभेच्या अध्यक्षांना भेटायचे आहे" म्हटले की लोकांना बरे वाटते, कारण तुम्ही गावाची रीत पाळता हे त्यांना दिसते.

वेळ: दुपारी साडेतीन ते चार. त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो, आणि अंधारात गावात शिरणारी अनोळखी गाडी कोणालाच आवडत नाही. याचे कारण गंभीर आहे. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा अधूनमधून उठतात. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून पाच भटक्या माणसांचा जीव गेला. म्हणून गाडी थेट गल्लीत घालू नका, चौकात दुकानापाशी उभी करा. काच खाली, गॉगल काढलेला, गाणी बंद. मुलांना चॉकलेट वाटत बसू नका, हेतू कितीही चांगला असो. दुकानात चहा घ्या आणि दुकानदारालाच पाटलाचे घर विचारा. तो बहुतेक वेळा एखादा पोरगा सोबत देतो, आणि तुमची अर्धी ओळख तिथेच होऊन जाते.

बोलणे साधे ठेवा: "राम राम काकाजी. मी नागपूरचा, नाव अमुक. एकटाच आहे, गाडीने गडचिरोलीकडे चाललो. आज रातच्याला समाजमंदिरापाशी तंबू लावला तर जमते का? सकाळी सातला निघतो. जेवणाचे सामान माझ्याजवळ आहे." हे शेवटचे वाक्य विसरू नका. पाहुण्याला उपाशी कसे ठेवायचे, हा विचार घरधन्याच्या डोक्यात पहिले येते आणि त्यापायी तो अवघडतो. ते ओझे तुम्हीच काढून घ्या. आधारची झेरॉक्स न मागता द्या, तिच्यावर तारीख आणि "फक्त ओळखीसाठी, मुक्काम एक रात्र" असे आडवे लिहून. कोणी "जय सेवा" (गोंड समाजाचा नमस्कार) किंवा "जय भीम" म्हणून बोलणे सुरू केले तर त्याच शब्दांनी उत्तर द्या.

जागा निवडताना समाजमंदिराचा ओटा सर्वांत उत्तम. वर छप्पर असते म्हणून दव पडत नाही. त्याखालोखाल भिंतीचे कंपाउंड असलेली जिल्हा परिषद शाळा, मग पाटलाचे अंगण. तणसाच्या (धानाच्या वाळल्या काडाच्या) ढिगाजवळ नको, एक ठिणगी पुरते. विजेच्या डीपीखाली नको, गुरांच्या वाटेवर नको. वैनगंगेच्या रेतीत तर कधीच नको. एक तर रात्री रेतीचे टिप्पर दिवे न लावता फिरतात, आणि वर गोसीखुर्द धरण आहे. दरवाजे उघडले की इकडे पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढते.

थंडी दहा अंशांच्या खाली जाऊ शकते. अंगावरच्या पांघरुणापेक्षा खालचे अंथरूण महत्त्वाचे: ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, मग सतरंजी. कोणी मायेने निखाऱ्यांची शेगडी आणून दिली तर तिच्यापाशी बाहेरच शेका. तंबूत, बंद खोलीत किंवा गाडीत घेऊन झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आणि एक. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रातभर चालणारी नाटके असतात. ज्या गावात नाटक असते तिथे घरोघरी पाहुणे भरलेले असतात, ओटाही मिळत नाही. नाटक जरूर पाहा, पण मुक्काम त्याच्या अलीकडच्या गावात ठरवून ठेवा.

नागपुरी_पाना

मुक्कामाचे वर आलेच आहे, मी गाडीचे सांगतो. मदतीला येणारा माणूस मनाने चांगला असला तरी त्याला तुमची गाडी माहीत नसते. नुकसान होते ते इथेच.

बॅटरी बसली, आणि ट्रकवाला दादा थांबून म्हणतो "चला, माझ्यावरून मारू". हात जोडून नाही म्हणा. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तुमची १२ ची. जोडणी केली तर इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो. ट्रॅक्टर, पिकअप, दुसरी कार चालते, ती १२ व्होल्टची असतात. क्रम असा: लाल चिमटा आधी तुमच्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याच केबलचे दुसरे टोक चालू बॅटरीच्या प्लसला. मग काळा चिमटा चालू बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून लांब. मदतीची गाडी तीन-चार मिनिटे चालू ठेवा, मग स्टार्टर मारा. सुरू झाली की उलट्या क्रमाने काढा आणि निदान अर्धा तास इंजिन बंद करू नका. केबल जाड घ्या. बाजारातल्या स्वस्त केबलीत तांबे कमी आणि रबर जास्त असते, ती गरम होते आणि स्टार्टर काही फिरत नाही.

गाडी फसणे. उमरेड-भिवापूरपर्यंत बरीच काळी माती आहे, पुढे धानाच्या बांध्यांची चिकण. अवकाळीची एक सर आली की दोन्ही सारखीच. चाक फिरले की लगेच ॲक्सिलरेटर सोडा. जितके फिरवाल तितके खाली जाईल, आणि गाडीचे पोट मातीला टेकले की मग धक्क्यानेही निघत नाही. पुढच्या चाकांसमोरची माती कुदळीने उतरती करा आणि खाली तुराट्या, तणस किंवा पायपुसणी टाका. हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा (सोबत कॉम्प्रेसर असेल तरच) आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा.

तरीही निघाली नाही तर ट्रॅक्टर. इथे लक्ष द्या. शेतकरी भाऊ साखळी घेऊन येतो आणि सरळ बंपरला किंवा चाकाच्या आर्मला अडकवतो. त्याला अडवा, हुक तुम्हीच लावा. टो हुक स्टेपनीच्या पान्यासोबत असतो. बंपरवरची छोटी टोपी काढून तो आत फिरवायचा आणि व्हील पान्याने शेवटपर्यंत आवळायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, घरी एकदा लावून पाहा. साखळीपेक्षा तीन टनांचा चार-पाच मीटर लांब नायलॉनचा पट्टा बरा. ट्रॅक्टर लो फर्स्टमध्ये, झटका न देता. आधी पट्टा ताणला जाऊ द्या, मग ओढा. गाव गोळा होते आणि पोरे अगदी पट्ट्याजवळ येतात. पट्टा तुटला तर पाय तोडेल. सगळ्यांना पट्ट्याच्या दुप्पट लांबीवर उभे करा आणि तोवर ट्रॅक्टर हलू देऊ नका.

पंक्चर: ट्यूबलेसचा संच स्वतःजवळ ठेवा. खिळा दिसला की लगेच उपटू नका, आधी हवा निघायची जागा साबणपाण्याने नक्की करा. भोक कानशीने आत-बाहेर घासा, पट्टी दोन तृतीयांश आत घाला, सुई झटक्यात ओढा, वरचे शेपूट अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा. टायरची बाजू फाटली असेल तर पट्टी लावू नका, स्टेपनीच. आणि स्टेपनीची हवा निघण्याआधी तपासा, ती कोणी तपासत नाही.

पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. किराणा दुकानात बाटलीतले मिळते, तेही मदतच म्हणायची. पण दोन लिटरच घ्या, पांढऱ्या कपड्यातून गाळून, आणि पंपावर पोचलात की टाकी भरून टाका.

वर्धारोड_हॅचबॅक

फार उपयोगी. ट्रकच्या २४ व्होल्टचे खरेच माहीत नव्हते. जेवणाचे आणि पैशांचे कोणी सांगेल का?

वैनगंगेपल्याड

सांगतो. या भागात घरी पाहुणा आला की पहिले पाण्याचा गडवा पुढे येतो. तो घ्या, हातपाय धुवा. बाहेरचे पाणी पिण्याची भीती असेल तर गडवा परत करू नका. दोन घोट तोंडाला लावून ठेवा किंवा सरळ सांगा, "डॉक्टरांनी उकळलेलेच सांगितले आहे, चहा चालेल." चहा उकळलेला असतो, कोणाचे मन दुखत नाही.

जेवायला बोलावले तर पहिल्या वेळी "कशाला त्रास" म्हणणे ठीक, दुसऱ्या वेळी मनापासून आग्रह झाला तर जा. पण तुमच्याजवळचा शिधा आधी आत द्या: तांदूळ, तुरीची डाळ, तेलाची पिशवी, कांदे. "माझ्याजवळचे संपवायचे आहे, तुमच्यासोबतच शिजवा" म्हणा. हे भीक देणे होत नाही, सोबत जेवणे होते. चहापत्ती पाव किलो आणि साखर एक किलो वेगळी बांधून ठेवा, कोणत्याही घरात उपयोगी पडते. ताटात भात भरपूर येते. थोडे वाढायला सांगा पण टाकू नका. घरातल्या बाया शेवटी जेवतात, गंजात (पातेल्यात) किती उरले ते पाहूनच दुसऱ्यांदा घ्या. लाखोरीचे वरण, अंबाडीची भाजी समोर आली तर कौतुक तोंडाने करा, फोटो नंतर. चुलीचा, देवघराचा, बायामाणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाहीच.

पैशांचे दोन भाग करा. कामाचे पैसे आणि मायेची परतफेड. ट्रॅक्टर आला म्हणजे डिझेल जळले, माणसाचा वेळ गेला. हे काम आहे, त्याचे पैसे द्यायचेच. "किती झाले?" विचारू नका, लाजेपायी तो काहीच सांगत नाही. "काकाजी, डिझेलचे घ्या" म्हणत नोट हातात द्या. नाही म्हटले तर "ट्रॅक्टर रिकामा नाही पाठवत" म्हणून एकदाच आग्रह करा. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या मिळून दोनेक हजाराच्या नोटा जवळ ठेवा. नेटवर्क नसले की फोनवरून पैसे जात नाहीत आणि पाचशेचे सुटे गावात मिळत नाहीत.

जेवण आणि ओटा यांचे पैसे मात्र देऊ नका. घरमालकाला ते लागते मनाला. तिथे परतफेड वेगळी. सकाळी ओटा झाडून द्या, तुमचा कचरा गाडीत घालून न्या. घरच्या म्हातारीला दवाखान्यात जायचे असेल, कोणाला आरमोरीच्या बाजारात सोडायचे असेल आणि तुमचा तोच रस्ता असेल तर गाडीत घ्या. शाळेपाशी राहिलात तर वह्या किंवा खडूचे डबे मुख्याध्यापकांच्या हातात द्या, मुलांत वाटू नका. आणि कुटुंबाचा एक फोटो काढला असेल तर नागपूरला आल्यावर छापून पोस्टाने पाठवा. निघतानाच पूर्ण पत्ता लिहून घ्या: नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड. "पाठवतो" म्हणून न पाठवणारे शहरी लोक गावांनी पुष्कळ पाहिले आहेत. ज्याचा फोटो खरेच पोचतो तो भिंतीवर लागतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्या पाहुण्याला गाव लवकर दार उघडते.

विश्वासाचे: खरी मदत करणारा माणूस चारचौघांत बोलतो. तो तुम्हाला पाटलाकडे नेतो, घरी नेतो, बायकोला हाक मारतो. जो चौकातून बाजूला घेऊन "पाटलाला कशाला विचारता, चला मी जागा दाखवतो" म्हणतो, गाडीत बसायची घाई करतो, किती पैसे आहेत, एकटेच का, कोणाला माहीत आहे का, हेच फिरवून विचारतो, किंवा प्यालेला आहे, त्याच्यासोबत जाऊ नका. नाही म्हणायला भांडण लागत नाही. "ठाण्यात नाव सांगून आलो, पुढच्या गावात माणूस वाट पाहून राहिला" एवढे पुरते. मग गाडी वळवा आणि मोठ्या गावातला चोवीस तास चालणारा पेट्रोल पंप गाठा. तिथे मॅनेजरला विचारून उजेडात, टँकर खाली होतो त्या जागेपासून लांब, इंजिन बंद आणि काच दोन बोटे उघडी ठेवून झोपा. तिथे गॅस पेटवायचा नाही, हे सांगायला नको.

सक्करदरा_सायली

हेच सगळे एकट्या बाईला लागू होते का? मलाही जानेवारीत आरमोरीपर्यंत जायचे आहे.

झाडीपट्टी_मुक्काम

ताई, थोडे बदलते. तंबूचा विचार सोडा, घरातली जागा मागा. पाटलाला सांगायचेच, पण सुरुवात पुरुषांपासून करू नका. हापशीवर किंवा दुकानात बाया असतात, त्यांना विचारा, "आशाताई कुठे राहतात? अंगणवाडीच्या बाई कोणत्या घरी?" आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका गावातल्याच असतात, प्रत्येक घर त्यांना माहीत असते, आणि कोणत्या घरी म्हातारी सासू आणि सुना आहेत, कोणत्या घरचा माणूस पितो, हे त्या स्पष्ट सांगतात. बचत गटाच्या अध्यक्षांचे घरही चांगले. झोपायची जागा बायांच्या खोलीतच मागा. संडास कुठे आहे ते दिवसाउजेडीच पाहून ठेवा. रात्री बाहेर जावे लागले तर एकीला उठवून सोबत न्या. त्यात संकोच नको, वाघाच्या भागात गावच्या बायाही तसेच करतात. घरी रोज एका ठरलेल्या वेळी गावाचे नाव, पाटलाचा नंबर आणि गाडी कुठे उभी आहे हे कळवा. पुढे नेटवर्क जाणार असेल तर शेवटच्या मनोऱ्याखालीच मेसेज टाका. अडचणीत ११२, दवाखान्यासाठी १०८, महिला हेल्पलाइन १८१, वनविभागाची हेल्पलाइन १९२६, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

आष्टी_फाटा

आलापल्लीच्या पुढचे थोडक्यात. तिथून भामरागडकडे तंबू नको. निघण्याआधी आलापल्ली किंवा अहेरीला पोलिसांना कुठे जाता, कधी परतता ते सांगा. नाक्यावर गाडी थांबवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात दिसू द्या, विचारेल ते नीट सांगा. जवान, चौकी, पूल यांचे फोटो काढू नका. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, गुरे आणि दिव्याविना चालणाऱ्या बंड्या (बैलगाड्या) रस्त्यावरच असतात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम आहे, हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे. तिथे जायचे तर आधी फोन करून.

या जिल्ह्यात मलेरिया आहे. संध्याकाळपासून पूर्ण बाह्या, अंगाला मलम, तंबूची जाळी बंद. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना "गडचिरोलीत मुक्काम होता" हे पहिले सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

विंचू-सापासाठी बूट उलटे आपटूनच घाला. साप चावला तर हात-पाय हलवू न देता फळीला बांधा, घट्ट दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, सरळ ग्रामीण रुग्णालय. मदतीला आलेले लोक मायेपोटीच मांत्रिकाकडे न्यायचे म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, "आधी सुई, मग तुमचे" म्हणा आणि त्यांनाच गाडी चालवायला किंवा रस्ता दाखवायला सोबत घ्या.

एक राहिलेच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. उपकाराच्या बदल्यात बाटली देणे तर सोडाच, गाडीत असणेही गुन्हा आहे, आणि ज्या गावांनी ती बंदी मागून घेतली तिथल्या बायांसमोर तुमचा शब्द राहणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी डिकी, सीटखालचे कप्पे, स्टेपनीचा खड्डा, सगळे रिकामे करून पाहा. मित्राने मागच्या सहलीत विसरलेली बाटलीही तपासणीत तुमचीच धरली जाते.